पन्नास दिवस न उघडलेलं

मध्यंतरी भाचा घरी आला तेव्हा माझ्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. त्याने खुर्ची ओढली, दोन मिनिटं माउस इकडेतिकडे फिरवला आणि म्हणाला, "मामा, हे 'जुनी कामं' नावाचं फोल्डर झिप करून टाकू? २००६ नंतर तू यातलं काही उघडलेलंच नाहीस."

"थांब," म्हटलं. "आधी चहा घे."

चहा संपला तरी मी उत्तर दिलं नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा हळवा झाला. तसं नव्हतं. हा प्रश्न मला आयुष्यात चौथ्यांदा विचारला जात होता आणि आधीच्या तीन वेळी काय उत्तर दिलं ते मी आठवत होतो. त्यातली दोन उत्तरं चांगलीच महागात पडली होती.

खरं तर प्रश्न कॉम्प्युटरपेक्षा जुना. माझे वडील शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते; शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं, जुळवून पानं बांधायचे. पुस्तकाचा शेवटचा फर्मा छापून उतरला की मालक आणि प्रकाशक यांच्यात एकच घासाघीस चाले: मॅटर उभं ठेवायचं की सोडायचं? उभं ठेवायचं म्हणजे जुळवलेली पानं सुतळीने बांधून, कागदात गुंडाळून मांडणीवर रचायची. दुसरी आवृत्ती निघाली तर पुन्हा जुळवायला नको. पण तेवढं शिसं अडकून पडे. शिसं म्हणजे पैसा, आणि पैशापेक्षा मोठी अडचण खिळ्यांची. एखादी जाडजूड कादंबरी उभी राहिली की पुढच्या कामाला काने कमी पडत, मग जुळारी हात बांधून बसे. सोडायचं म्हणजे पान मोडून एकेक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचा. पंचांगातली दरवर्षी न बदलणारी पानं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिकांचा ठरलेला मजकूर हे सगळं वर्षानुवर्षं उभं असे. कवितासंग्रह बहुधा त्याच आठवड्यात सुटे. कवींना हे कुणी सांगत नसे.

सुट्टीत मी खिळे टाकायला बसे. खिळ्यांच्या केसमधली घरं सारखी नसतात हे मला तिथे कळलं. काना, 'र', 'त', 'न' यांची घरं मोठी आणि हाताशी. 'ङ' आणि 'ञ' कुठेतरी कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या जागेत. जे वारंवार लागतं ते जवळ आणि ऐसपैस, जे क्वचित लागतं ते लांब आणि अडचणीत. वडील केसकडे न बघता जुळवत. वर एक गोष्ट ते अभिमानाने सांगत, की थोडाफार फरक सोडला तर घरांची मांडणी सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे पुण्याचा जुळारी उद्या सोलापुरात उभा केला तरी त्याचा हात चालतो. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

हे घरांचं गणित माझ्या टेबलावरच्या यंत्रापर्यंत कसं पोचलं ते मला फार उशिरा समजलं, आणि समजलं तेव्हा वडील नव्हते. १८३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युएल मॉर्सचा साथीदार आल्फ्रेड व्हेल तारायंत्रासाठी टिंब-रेघांची लिपी बसवत होता. कुठल्या अक्षराला किती लांब खूण द्यायची? इंग्रजीत कोणतं अक्षर किती वेळा येतं हे मोजायला पुस्तकं चाळत बसण्याऐवजी तो न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या छापखान्यात गेला आणि केसच्या कुठल्या घरात किती खिळे आहेत ते बघून आला, असं सांगतात. 'ई'चे खिळे सगळ्यांत जास्त, म्हणून 'ई'ला एकच टिंब. जुळाऱ्याने पिढ्यान् पिढ्या हाताने शोधलेलं शहाणपण असं तारेत शिरलं.

पुढे १९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो नावाच्या प्राध्यापकांनी वर्गाला पर्याय दिला: परीक्षा द्या, नाहीतर निबंध लिहा. निबंधाचा विषय होता, मजकूर कमीत कमी खुणांत कसा बसवायचा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने निबंध घेतला, डोकं खाजवून थकला, आता परीक्षाच देऊ म्हणून कागद फेकायच्या बेतात होता तेव्हा त्याला युक्ती सुचली. क्वचित येणाऱ्या दोन अक्षरांची जोडी लावायची, मग त्या जोडीला एकच अक्षर समजून पुढची जोडी, असं खालून वर चढत जायचं. फॅनोंची स्वतःची पद्धत याच्यापुढे मागे पडली. १९५२ मध्ये ते छापून आलं. झिप फाइलच्या पोटात आजही हफमन आहे, आणि त्याच्या मागे मॉरिसटाउनची खिळ्यांची केस.

झिपचा दुसरा अर्धा भाग मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. जुन्या दप्तरांत तीच बाब पुन्हा आली की कारकून 'कित्ता' लिहून मोकळा होई. एकदा पूर्ण नाव दिलं की पुढे 'सदरहू'. 'मौजे'चं 'मौ।' होई. आरत्यांच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात, मग प्रत्येक कडव्याखाली नुसतं 'धृ.'. माझी आजी पत्राची सुरुवात 'सा. न. वि. वि.' अशी करायची आणि शेवट 'क. लो. अ.' असा, पोस्टकार्डावरची दोन ओळींची जागा त्यात वाचायची आणि एका शब्दाचंही नुकसान व्हायचं नाही, कारण वाचणाऱ्याला किल्ली माहीत असायची. हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या अब्राहम लेम्पेल आणि याकोब झिव्ह यांनी १९७७ आणि १९७८ मध्ये हेच 'कित्ता' गणितात बसवलं: मजकूर वाचत जा, मागे येऊन गेलेला तुकडा पुन्हा दिसला की तो लिहू नकोस, "इतकी अक्षरं मागे जा आणि इतकी अक्षरं उचल" एवढंच लिही. दोघंही २०२३ मध्ये, दोन महिन्यांच्या आत एकापाठोपाठ गेले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मला तरी ती बातमी दिसली नाही.

आता झिप बनवणारा फिल कॅट्झ. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा हा एकलकोंडा प्रोग्रामर आईच्या घरात बसून काम करायचा. फाइली आवळण्याचा 'आर्क' नावाचा एक प्रोग्राम तेव्हा चालत असे. कॅट्झने त्याच्याहून चपळ असा स्वतःचा केला. आर्कवाल्या कंपनीने १९८८ मध्ये त्याला कोर्टात खेचलं. तडजोड झाली आणि त्याने नवीनच साचा बनवला: झिप, १९८९. मग त्याने एक गोष्ट केली जी माझ्या मते त्याच्या गणितापेक्षा मोठी आहे. झिप फाइलच्या आत काय कुठे असतं याचं पूर्ण वर्णन त्याने सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. कुणीही वाचावं, कुणीही झिप उघडणारा प्रोग्राम लिहावा. प्रत्येक झिप फाइलचे पहिले दोन बाइट त्याची आद्याक्षरं आहेत, पी. के. मराठी माणसाला प्र. के. म्हटलं की अत्रे आठवतात. पण २००७ च्या वर्डपासून डॉक्सएक्स ही फाइल आतून झिपच असते, त्यामुळे गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आलेल्या बहुतेक मराठी हस्तलिखितांची सुरुवात या दुसऱ्या पी. के.नेच झाली आहे. एप्रिल २००० मध्ये मिलवॉकीतल्या एका हॉटेलच्या खोलीत तो मेलेला सापडला. दारूने पोखरला होता. वय ३७.

मी १९९२ मध्ये डीटीपीत उतरलो. वडिलांच्या छापखान्यातलं शिसं त्याच्या आदल्या वर्षी भंगारात वजनावर गेलं होतं. माझ्या मशीनची डिस्क १२० एमबीची. आज एका मिनिटाचा व्हिडिओ तेवढा असतो. तिच्यात डॉस, विंडोज, पेजमेकर, फाँट आणि चालू पुस्तकं एवढं मावायचं, आणि दर पंधरवड्याला जागा संपायची. मॅटर उभं ठेवायचं की सोडायचं हा वाद आता घासाघीस न करता मी एकटाच स्वतःशी घालत असे.

मार्च १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉस ६ काढलं. त्यात डबलस्पेस होतं: अख्खी डिस्कच आवळायची, १२० एमबी ऐवजी साधारण दुप्पट दिसायची. ही कल्पना आधी स्टॅक नावाच्या कंपनीने 'स्टॅकर'मध्ये आणली होती. त्यांनी दावा लावला आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये ज्युरीने त्यांना १२ कोटी डॉलर देववले. उलट दाव्यात मायक्रोसॉफ्टलाही थोडेबहुत मिळाले, पण डॉस ६.२१ मधून डबलस्पेस काढावं लागलं. पुण्यात बसून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी 'वाय' दाबलं, तासभर पट्टी सरकत राहिली, आणि जागा दुप्पट झाली. मी पेढे वाटायचाच बाकी होतो.

डबलस्पेस करायचं काय, तर डिस्कवरचं सगळं एकाच प्रचंड, लपवलेल्या फाइलमध्ये कोंबायचं आणि तीच तुमची सी ड्राइव्ह आहे असं भासवायचं. सहा-सात महिने उत्तम चाललं. मग मशीन अडखळायला लागलं, मला व्हायरसचा संशय आला, आणि मी शहाण्यासारखा डॉस ५ ची स्वच्छ फ्लॉपी लावून मशीन सुरू केलं. डॉस ५ ला डबलस्पेस माहीतच नव्हतं. त्याने सी ड्राइव्ह दाखवली ती जवळजवळ रिकामी, आणि लपलेल्या फाइली उघड करायला सांगितल्यावर आत एक अवाढव्य, अगम्य नावाची फाइल. सापडला चोर! मी तिची कुलपं काढली आणि ती उडवली.

तीन पुस्तकं तिच्यात होती. एक छापायला जाणार होतं, त्याचे ट्रेसिंग निघाले होते म्हणून ते वाचलं. बाकी दोन प्रुफांवरून पुन्हा टाइप केली, रात्रीचा बसून. दोष कुणाला देणार? प्रोग्रामने सांगितलेलं सगळं नीट केलं होतं. किल्ली माहीत नसताना मी पेटी भंगारात काढली.

दुसरं उत्तर फ्लॉप्यांचं. १.४४ एमबीची फ्लॉपी, आणि पेजमेकरची फाइल तिच्यात मावायची नाही. तेव्हा आमच्या धंद्यात सगळे एआरजे वापरत. रॉबर्ट जुंगचा हा प्रोग्राम मोठी फाइल आवळून चार-पाच फ्लॉप्यांवर वाटून द्यायचा: पहिलीवर एआरजे, पुढे ए०१, ए०२. पीकेझिपलाही पुढे हे येऊ लागलं, पण झिप उघडताना तो आधी शेवटची फ्लॉपी मागायचा, कारण झिपची सूची फाइलच्या शेवटी असते. पुस्तकवाल्याला हे पटायला हवं होतं, सूची शेवटीच असते. पण आमची मुलं पहिली फ्लॉपी घालून चिडत, म्हणून एआरजे.

१९९६ मध्ये एका तालुक्याच्या इतिहासाचं ४१२ पानांचं पुस्तक आम्ही केलं. लेखक निवृत्त शिक्षक, पंचवीस वर्षांची मेहनत. काम संपल्यावर पुस्तक आवळून पाच फ्लॉप्यांवर काढलं, पेटीत घातलं आणि डिस्कवरून पुसलं. २००१ च्या श्रावणात लेखक दुरुस्त्यांची वही घेऊन आले, दुसरी आवृत्ती काढायची म्हणून. तिसऱ्या फ्लॉपीचं झाकण सरकवलं तर चकतीवर पांढरी बुरशी, भाकरीवर धरते तशी. पाच पावसाळे पेटी खिडकीखाली होती, आणि खिडकी कोणी लावत नसे. म्हणजे मी लावत नसे. पडद्यावर आलं, सीआरसी चुकला. आवळलेल्या फाइलसोबत एक तपासणीचा आकडा ठेवलेला असतो, एक बाइट जरी हलला तरी तो जुळत नाही. या प्रामाणिकपणाचं मला कौतुक आहे, पण त्याचा त्या दिवशी उपयोग नव्हता. न आवळलेला साधा मजकूर असता तर बुरशीने एखादं पान खाल्लं असतं. आवळलेल्या मजकुरात प्रत्येक ओळ म्हणजे "मागे जा आणि उचल". मागचंच सडलं तर उचलणार काय? तिसऱ्या फ्लॉपीपासून पुढचं सगळं गेलं. गुरुजी काही बोलले नाहीत. वही टेबलावर ठेवून म्हणाले, "दुरुस्त्या करायच्याच होत्या, आता सगळंच दुरुस्त करू." पुन्हा टाइप केल्याचे पैसे मी घेतले नाहीत, एवढं नोंदवून ठेवतो.

तिसऱ्यांदा प्रश्न विचारला तो यंत्रानेच. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं, आमच्याकडे दोन वर्षांनी. डिस्क क्लीनअपच्या खिडकीत तात्पुरत्या फाइली, रिसायकल बिन अशी यादी असे आणि तिच्यात एक ओळ: कॉम्प्रेस ओल्ड फाइल्स. जुनी कुठली? खोलात गेलं की आकडा दिसे: ५० दिवस. ज्या फाइलला पन्नास दिवसांत हात लागला नाही ती जुनी. पन्नास दिवस! आमच्या धंद्यात तेवढ्यात लेखक पहिलं प्रूफसुद्धा परत करत नाही. बाळंतीण माहेरी याहून जास्त राहते.

तरी मी खूण केली. या वेळी काही बिघडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. फाइलींची नावं निळी झाली, इतकंच. उघडताना यंत्र आपोआप सोडवून द्यायचं, बंद करताना आवळायचं. मिळालेली जागा मात्र बेताची होती. एनटीएफएसची ही आवळणी फाइलचे साधारण ६४ केबीचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र बांधते; एका तुकड्यातलं 'कित्ता' दुसऱ्या तुकड्यातलं काही दाखवू शकत नाही. आणि डिस्क ज्यांनी भरली होती ते फोटो जेपेग होते, म्हणजे आधीच पिळून काढलेले. पिळलेलं धोतर पुन्हा पिळून किती पाणी निघणार?

विस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ती ओळ काढून टाकली. शिवाय फाइल शेवटची कधी उघडली याची नोंद ठेवणंही त्यांनी मुळात बंद केलं, कारण दरवेळी ती नोंद लिहिण्यातच यंत्राचा वेळ जायचा. म्हणजे भाच्याने सांगितलेलं ते '२००६ नंतर उघडलेलं नाहीस' हा बहुधा फाइल शेवटची बदलल्याचा दिनांक होता. उघडून नुसतं बघितलेल्याचा हिशेब त्यात येत नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "१९९८ चं फोल्डर उघड, त्यात एक झिप आहे." त्याने दोनदा टिचकी मारली. डोळ्याचं पातं लवतं तोवर ती उघडली. पंचवीस वर्षांहून जुनी फाइल, दोन फ्लॉप्या, एक सीडी आणि तीन डिस्का फिरून आलेली, आणि आजच्या यंत्राला तिची एक गाठ अडली नाही. कॅट्झने कागद खुले करून ठेवले होते त्याचा हा परिणाम.

आत मजकुराची फाइल होती, एका ललितलेखसंग्रहाची. त्याने ती उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, फ्रेंच टोप्या, पौंडाचं चिन्ह, दोन-चार खंजीर अशी खिचडी.

"मामा, ही करप्ट झालीय."

"एक बाइटसुद्धा हललेला नाही," म्हटलं. "हे मराठीच आहे."

इथे माझा खरा मुद्दा येतो. नव्वदच्या दशकात इंग्रजीसाठी बनवलेल्या यंत्रात एका फाँटला २५६ घरं मिळत, त्यातली बरीच आधीच गुंतलेली. देवनागरीला काना-मात्रा, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं धरून शिशाच्या जमान्यात शेकड्यांनी खिळे लागत. ते २५६ घरांत कोंबायचे म्हणजे आवळणीच झाली. याआधीही एकदा असं झालं होतं: सावरकरांनी 'अि', 'अी' लिहायला सांगितलं ते खिळे आणि टंकयंत्राच्या कळा कमी व्हाव्यात म्हणूनच, पण ती युक्ती त्यांनी चव्हाट्यावर मांडली, ज्याला वाचता येत होतं त्याला ती समजत होती. फाँटवाल्यांनी 'क'चा दांडा एका घरात, पोट दुसऱ्या घरात ठेवलं. कुणी वेलांटीला चार रूपं दिली, कुणी दोन. पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक कंपनीची केस वेगळी आणि मांडणी गुपित. इस्की नावाचं प्रमाण होतं, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मंजूरही झालं होतं, सी-डॅक ही संस्था त्यावर काम करत होती. पण डीटीपीच्या टेबलावर राज्य होतं ते ज्याच्या त्याच्या फाँटचं. पुण्याचा जुळारी सोलापुरात उभा केला तर हात चालतो, हे वाक्य आमच्या पिढीत खोटं ठरलं. माझी फाइल समोरच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडेही उघडत नसे, आणि आम्हाला त्यात काही गैर वाटत नसे; गिऱ्हाईक बांधलेलं राहतं. या पापात मीही वाटेकरी आहे.

या संग्रहाचा फाँट ज्या कंपनीचा होता ती कंपनी बंद पडली. तो फाँट चालायला पॅरलल पोर्टवर एक कुलूप लावावं लागे. आता ते पोर्टही नाही. फाइली जशाच्या तशा, किल्ली गेली.

भाच्याने आठवडाभर बसून, जुन्या छापील प्रतीशी ताडून, एक छोटा प्रोग्राम लिहिला: त्या फाँटची घरं युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या एकाच मांडणीत, आणणारा. मी बाजूला बसून घरं सांगत गेलो, वडील मला सांगत तशी. गंमत अशी की जुना फाँट डोळ्याच्या क्रमाने चालतो, युनिकोड कानाच्या क्रमाने. 'दिवस' टाइप करताना आम्ही वेलांटी आधी मारत असू, मग 'द'. युनिकोडमध्ये 'द' आधी. 'मूर्ती'चा रफार आम्ही 'त'नंतर द्यायचो, युनिकोडला तो 'र' म्हणून 'त'च्या आधी हवा. प्रत्येक रफाराला उचलून मागे नेऊन बसवायचं. 'त्र' आणि 'ञ' यांनी दोन दिवस खाल्ले; कोपऱ्यातल्या घरांची खोड जात नाही.

युनिकोडात आणल्यावर फाइल फुगून जवळपास तिप्पट झाली. भाच्याला वाटलं, चुकलं. चुकलं नव्हतं. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. त्यातले पहिले दोन बघण्यासारखे आहेत: देवनागरी पट्ट्यातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच, दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे मराठीचं प्रत्येक अक्षर आपलं 'सा. न. वि. वि.' म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही. असा मजकूर झिपला फार आवडतो, फुगवटा बहुतेक सगळा परत घेतो. एक तोटा राहतो: झिप मागे बघते ती ३२ केबीपर्यंत. एका बाइटच्या जमान्यात ती पंधराएक पानं मागचं 'कित्ता' म्हणू शकायची, आता पाच-सहा.

छापील प्रती स्कॅन करून ठेवायचा सल्लाही मला मिळाला. 'जास्तीत जास्त आवळून' करा म्हणे. त्याला मी साफ नकार दिला. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलत होती. घराच्या नकाशावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती, स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३. यंत्र बिघडलं नव्हतं. आवळताना ते एकसारखे दिसणारे ठसे एकच धरून चालत होतं, सहाला आठ म्हणत होतं, आणि छपाई इतकी सुबक की संशय येऊ नये. झिप बिघडली तर ओरडून सांगते. ही आवळणी हसतमुखाने खोटं बोलते. गुरुजींच्या पुस्तकात पाटलांच्या वतनांचे सनावळीसकट तक्ते आहेत. ते मी या पद्धतीच्या हवाली करणार नाही.

तर उत्तर: 'जुनी कामं' झिप केलं नाही. सगळं मिळून ते सहा जीबीसुद्धा भरलं नाही. सी ड्राइव्ह भरली होती ती नातीच्या गॅदरिंगच्या व्हिडिओंनी, आणि ते आधीच आवळलेले. ते बाहेरच्या डिस्कवर हलवले, पट्टी निळी झाली. जुन्या कामांतली एकेक फाइल युनिकोडमध्ये येते आहे. आली की तिच्यासोबत फाँटच्या घरांचा तक्ता साध्या मजकुरात ठेवतो, आणि मग हवं तर खुशाल झिप करतो. आत्तापर्यंत एकोणीस पुस्तकं झाली, त्यात सहा कवितासंग्रह. वडिलांनी सोडले असते ते.

१९९२ ते २००६ या काळात ज्यांनी पुण्यात डीटीपी करून पुस्तक काढलं त्यांना एक विनंती आहे. तुमचं काम ज्याने केलं तो अजून हिंडता-फिरता असेल तर त्याला गाठा, फाइल मागा, आणि फाइलसोबत फाँटचं नाव लिहून घ्या. त्याला आठवत असेल तर घरांची मांडणीही लिहून घ्या. पेन ड्राइव्ह आपला न्या.